फिस्टुला परत परत अरुंद होतोय? सुईला दोष देण्याआधी हे क्रमाने तपासा

डायलेसिस युनिटमध्ये टेक्निशियन म्हणून काम करतो. सगळ्यात जास्त वेळा हाताखालून गेलेली तक्रार एकच, फिस्टुला (डायलेसिसच्या सुयांसाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) नीट चालत नाहीये. आणि त्यातली सगळ्यात चिडचिड करणारी म्हणजे "आत्ताच तर बलून केला होता, परत कसं काय?" बलून म्हणजे अरुंद झालेली जागा आतून फुगा फुगवून उघडणं. हे सगळं खाली आहे, पण आधी लक्षणं बघा. यातलं एक जरी तुमच्या किंवा घरातल्या पेशंटच्या हाताला लागू होत असेल तर पुढचं नीट वाचा.

- थ्रिल (बोटाला लागणारी थरथर) आधी पार कोपरापर्यंत लागायचं, आता फक्त टाक्यांच्या जागी, म्हणजे जोडणीपाशी लागतं, तेही दबकं.
- किंवा बरोबर उलटं. शीर फुगलेली, टणक, बोट ठेवलं की थरथर नाही, नुसते ठोके.
- सुई काढल्यावर रक्त आधी पाच-दहा मिनिटांत थांबायचं, आता वीस मिनिटं दाबून धरावं लागतं आणि रिक्षात बसेपर्यंत पट्टी परत लाल.
- मशीनवर व्हीनस प्रेशर (शरीरात परत जाणाऱ्या रक्ताचं) दर वेळी थोडं थोडं वर चाललंय. किंवा आर्टेरियल प्रेशर (मशीन रक्त ओढतं त्या बाजूचं) खूप मायनसमध्ये जातंय, पंप मिनिटाला २५० मिलीच्या वर नेला की अलार्म.
- सुई लावायला नेहमीच्या माणसालाही दोन-दोनदा टोचावं लागतंय, सिरिंजमध्ये छोट्या गुठळ्या येतायत.
- चार तास पूर्ण होऊनही महिन्याचे रिपोर्ट खराब, पोटॅशियम वर, यूआरआर (डायलेसिसमध्ये युरिया किती टक्के कमी झाला तो आकडा) ६५ टक्क्यांच्या खाली.
- पूर्ण हात सुजलाय, खांद्यावर-छातीवर निळ्या शिरा दिसायला लागल्यात.

आता एकच गोष्ट मधेच सांगतो आणि मग तपासणीला लागू. थ्रिल पूर्ण गेलं असेल, म्हणजे काल होतं आणि आज हाताला काहीच लागत नाही, तर ही पोस्ट इथेच बंद करा आणि युनिटला फोन लावा. रात्रीचे अकरा वाजले असले तरी. पुढच्या डायलेसिसच्या दिवसाची वाट बघू नका. गुठळी काढून फिस्टुला वाचवायचा असेल तर पहिले २४ ते ४८ तास महत्त्वाचे असतात, नंतर गुठळी भिंतीला धरून बसते. मालिश करू नका, गरम शेक देऊ नका, क्रेप बँडेज तर अजिबात नको.

आत नक्की काय होतंय

हे कळलं नाही तर पुढच्या तपासण्या नुसती यादी वाटतील, म्हणून थोडं सविस्तर.

फिस्टुला म्हणजे धमनी आणि शीर एकमेकींना जोडून देणं. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाजवळचा हा फिस्टुला जगासमोर मांडला आणि अजूनही त्याच्यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. पण शिरेच्या बाजूने विचार करा. मनगटाच्या धमनीतून एरवी मिनिटाला २०-३० मिली रक्त जातं. जोडणी झाल्या झाल्या ते २००-३०० होतं आणि फिस्टुला तयार झाला की ६०० च्या पुढे. शिरेला जन्मभर हलक्या प्रेशरची सवय, आणि एका दिवसात तिच्यात धमनीचं प्रेशर सोडलं.

नळीच्या भिंतीत मधल्या थरात स्मूथ मसल पेशी असतात. त्यांचं नेहमीचं काम आकुंचन-प्रसरण, म्हणजे नळी किती उघडी ठेवायची ते ठरवणं. या काळात त्या विभाजन (एकीच्या दोन होणं) फारसं करत नाहीत, शांत असतात, आत अ‍ॅक्टिन-मायोसिनचे धागे भरलेले. पण आतलं अस्तर दुखावलं की चित्र बदलतं. मग कारण काहीही असो, प्रेशर, भोवरे घेत वाहणारं रक्त, सुई, कॅथेटर (शिरेत घातलेली नळी), युरेमिया (किडनी बंद पडल्यावर रक्तात साठणारी घाण). अस्तर नायट्रिक ऑक्साईड सोडून या पेशींना गप्प ठेवत असतं, ते कमी पडतं. प्लेटलेट येऊन चिकटतात आणि पीडीजीएफसारखे वाढीचे संदेश सोडतात. मग स्मूथ मसल पेशी आकुंचनाचं काम सोडतात, ते धागे कमी करतात, विभाजन करायला लागतात, मधल्या थरातून आतल्या बाजूला सरकतात आणि तिथे बसून कोलॅजन वगैरे माल तयार करत राहतात. बाहेरच्या थरातल्या फायब्रोब्लास्ट पेशीही यात सामील होतात. नळीच्या आत एक नवीन थर चढतो आणि रक्ताची वाट बारीक होते.

गंमत म्हणजे हा बिघाड नाही, ही दुरुस्ती आहे. याच पेशींनी भिंत जाड केली नसती, नळी मोठी करायला मदत केली नसती तर तुमच्या फिस्टुलात सुई बसलीच नसती, शीर कागदासारखी फाटली असती. फिस्टुला 'पिकायला' महिना-दीड महिना लागतो तो याच कामाचा. फक्त थांबायचं कुठे हे काही जागी त्यांना कळत नाही.

आणि वेग किती ते बघा. लॅबमध्ये उंदरांच्या मानेतल्या धमनीत बलून फिरवून अस्तर खरवडलं की मधल्या थरातल्या पेशी एक-दोन दिवसांत विभाजन सुरू करतात, चौथ्या दिवसाच्या सुमारास आतल्या बाजूला पोचतात, दोन आठवड्यांत पेशींची संख्या बऱ्यापैकी पूर्ण, आणि त्यानंतर महिने-महिने नुसता माल साठत राहतो. माणसात वेळापत्रक वेगळं असतं पण क्रम तोच. म्हणून फिस्टुला अचानक बंद पडला असं वाटतं तेव्हा अचानक फक्त शेवटची गुठळी झालेली असते. अरुंदपणा आधीचे कित्येक आठवडे चाललेला असतो आणि तो पूर्णवेळ खुणा देत असतो, आपण बघत नाही इतकंच.

१. बोटं. खर्च शून्य

रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना. दुसऱ्या हाताची तीन बोटं टाक्यांच्या जागेपासून सुरू करून शिरेवरून वर कोपराकडे नेत जा. मोबाईल व्हायब्रेशनवर ठेवल्यासारखी थरथर लागली पाहिजे, टाक्यांजवळ जास्त, वर जाताना हळूहळू कमी. शीर मऊ हवी, दाबली तर दबली पाहिजे.

दोन प्रकारे बिघडतं आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. शीर चपटी, थरथर दबकी, तर रक्त आत येतच नाहीये, म्हणजे अडथळा जोडणीजवळ. मनगटाच्या फिस्टुलात हीच जागा सगळ्यात जास्त अरुंद होते, कारण सर्जनला शिरेचा तेवढा तुकडा आजूबाजूच्या मांसातून सोडवून वळवून धमनीपाशी आणावा लागतो. त्यात शिरेच्या भिंतीला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात, वरून वळणावर रक्त भोवरे घेतं. स्मूथ मसल पेशींना भडकवायला इतकं पुरे.

उलट शीर टणक आणि थरथरीऐवजी ठोके लागत असतील तर रक्त बाहेर जायला वाट नाही, अडथळा वरच्या बाजूला. कोपराच्या फिस्टुलात हे खांद्याजवळ होतं, जिथे हाताची वरची शीर वळून आतल्या मोठ्या शिरेला मिळते. बोट शिरेवरून नेताना मधेच एका जागी अचानक जोरात थरथर लागली, त्याच्या खाली ठोके आणि वर सगळं मऊ, तर अरुंद जागा बरेचदा तिथेच असते. पेनने खूण करा आणि युनिटमध्ये दाखवा. डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करणाऱ्याचाही वेळ वाचतो.

२. कान

स्टेथोस्कोप असेल तर उत्तम, नसेल तर हात वाकवून फिस्टुला कानाशी धरा. चांगल्या फिस्टुलाचा आवाज जाड आणि सलग असतो, घर्रर्र-घर्रर्र, मधे तुटत नाही. अरुंद झाला की आवाज बारीक, शिट्टीकडे झुकणारा, आणि दोन ठोक्यांच्या मधला भाग गायब. कारण साधं आहे, वाट मोकळी असेल तर हृदय आराम करत असतानाही रक्त वाहत राहतं, वाट बारीक झाली की फक्त जोराच्या धक्क्याला आत घुसतं.

घरच्यांपैकी एकाने फिस्टुला चांगला चालत असताना त्याचा आवाज एकदा नीट ऐकून ठेवावा. मावशी-काकांना स्वतःला बरेचदा कळत नाही, पण नातवंडं पटकन सांगतात "आजोबा, आज आवाज वेगळाय."

३. हात वर करून बघा

झोपून किंवा बसून हात सरळ डोक्याच्या वर न्या आणि शिरेकडे बघा. चांगला फिस्टुला हात वर गेला की सैल पडतो, निदान बऱ्यापैकी. वरच्या बाजूला अडथळा असेल तर शीर फुगलेलीच राहते. एकदा कोपराचा फिस्टुला असलेल्या एका दादांचा हात वर केला तेव्हा शीर दंडाच्या मध्यापर्यंत तट्ट उभी होती आणि त्याच्या पुढे खांद्याकडे एकदम सपाट, अगदी रेघ मारल्यासारखी. नंतर डॉप्लरमध्ये अडथळा त्याच ठिकाणी निघाला. दहा सेकंदांची तपासणी आहे, कपडे बदलताना होते.

पण यात शीर सैल पडली म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. जोडणीजवळ अडथळा असेल तर शीर सैलच असणार, आत रक्तच कमी येतंय. म्हणून पहिली आणि तिसरी तपासणी जोडीने बघायची.

४. फिस्टुलाचा दोष नसलेली कारणं बाजूला काढा

इथे बऱ्याच वेळा प्रकरण मिटतं, म्हणून डॉप्लरला पळायच्या आधी हे बघाच. बीपी ९०-१०० पर्यंत उतरलंय का? डायलेसिसमध्ये पाणी जास्त काढलं गेलं, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) बदललंय पण शीटवर जुनंच आहे, जुलाब झालेत, बीपीची गोळी सकाळी घेऊन आलात, या सगळ्यात थ्रिल दबतं. बीपी सुधारलं की परत येतं. पण कमी बीपी हलक्यात घेऊ नका, आधीच अरुंद झालेल्या जागी रक्त मंदावलं की गुठळी तिथेच होते.

मग बाकीचं. घट्ट बाही, बांगड्या, त्या हातावर घड्याळ, त्या हातावर डोकं ठेवून झोपणं, पिशवी कोपरात अडकवून बाजारात फिरणं. त्या हातावर बीपी घ्यायला किंवा रक्त काढायला कोणी आलं तर सरळ नाही म्हणा, मग समोर कितीही मोठ्या हॉस्पिटलचा कोट असो.

रक्त थांबायला वेळ लागतोय तर आधी हेपरिनचा (डायलेसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) डोस वाढलाय का ते विचारा, रक्त पातळ करायची गोळी नवीन सुरू झालीय का तेही. दोन्ही नसेल आणि सलग दोन-तीन वेळा तेच होत असेल तर प्रेशर आतून वाढलंय.

५. मशीन आणि लाईन

हे आमचं काम, पण पेशंटने बघून ठेवलं तर हरकत नाही, उलट बरंच. व्हीनस प्रेशर वाढलं की क्रमाने: लाईन कुठे दुमडलीय का, क्लॅम्प अर्धा राहिलाय का, व्हीनस चेंबरमध्ये गुठळी आहे का, सुई भिंतीला टेकलीय का, आणि आज १६ नंबरऐवजी १७ नंबरची बारीक सुई लावलीय का. बारीक सुईने प्रेशर आपोआप वाढतं, तो फिस्टुलाचा दोष नाही. आर्टेरियल बाजूला असंच, सुई थोडी फिरवली की सुटतं का बघायचं.

एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका. सारखी सुई, सारखा पंप स्पीड, आणि डायलेसिस सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांतला आकडा, हे तीन-चार वेळा एकाखाली एक लिहिलं की कळतं. १२०, १३५, १५०, १६५ असं चढत गेलेलं दिसलं तर लाईन दुमडलेली नसते, आत थर चढत असतो. युनिटमधली शीट बहुतेक वेळा फाईलला लागते आणि परत कोणी उघडत नाही, म्हणून सांगतो, फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

६. सुयांच्या जागा

हात उजेडात धरा. टोचल्याच्या खुणा शिरेवर लांबवर पसरलेल्या आहेत की दोनच ठिपक्यांत गर्दी झालीय? त्याच दोन जागी टोचणं सगळ्यांनाच सोपं जातं, दुखतही कमी, म्हणून पेशंटच म्हणतात "तिथेच लावा ना." पण प्रत्येक सुई ही भिंतीला जखम आहे आणि जखमेला त्या पेशी उत्तर देणार. त्याच त्याच जागी टोचत राहिलं की भिंत कमजोर होऊन फुगा येतो आणि फुग्याच्या आगेमागे वाट बारीक होते, दोन्ही एकाच हातावर शेजारी शेजारी. शिडीसारखं थोडं थोडं पुढे सरकत टोचायचं आणि पूर्ण लांबी वापरली की परत सुरुवातीपासून.

फुग्यावरची कातडी पातळ, चकचकीत, ताणलेली दिसत असेल, किंवा तिथली खपली निघतच नसेल, तर ती तपासणीची गोष्ट राहिली नाही. त्याच दिवशी सर्जन. तिथून रक्त सुटलं तर मिनिटांत जीव जाऊ शकतो. सुटलंच तर टॉवेलचा बोळा नाही, भोकावर नेमकं बोट दाबून धरायचं, हात वर, आणि १०८ ला फोन.

७. टेक्निशियनच्या बोटाची तपासणी

आम्ही जोडणीपासून थोडं वर शीर काही सेकंद पूर्ण दाबतो. खालचा भाग जोरात ठोके द्यायला लागला पाहिजे. ठोके जोरदार आले तर धमनीकडून रक्त नीट येतंय. ते मरगळलेलेच राहिले तर अडथळा आत येणाऱ्या बाजूला. शीर दाबूनही थरथर चालूच राहिली तर मधे कुठेतरी एखादी फांदी रक्त पळवतेय. हे घरी करू नका, दाब जास्त वेळ राहिला तर आपणच फिस्टुला बंद करू.

रिपोर्टचंही इथेच सांगून टाकतो. फिस्टुलातून येणारं रक्त पंपाच्या वेगापेक्षा कमी पडलं, किंवा पुढची वाट तुंबली, तर मशीनने नुकतंच साफ केलेलं रक्त परत रक्त ओढणाऱ्या सुईतच खेचलं जातं. चार तास मशीन फिरतं, पण तेच रक्त धुतलं जातं. म्हणून रिपोर्ट बिघडले की आधी "पथ्य पाळत नाही" म्हणून पेशंटला झापायचं आणि फिस्टुलाला हात लावायचा नाही, हे मला पटत नाही.

८. डॉप्लर

वरच्यापैकी काहीतरी सापडलं असेल तरच. सोनोग्राफीच आहे, सुई नाही, डाय (एक्स-रेत नळी दिसावी म्हणून सोडतात तो द्रव) नाही. सांगताना नुसतं "फिस्टुला डॉप्लर" नाही, "फ्लो मोजून द्या आणि सगळ्यात अरुंद जागेचा व्यास लिहा" असं सांगा, नाहीतर "फिस्टुला चालू आहे" एवढीच एक ओळ लिहून मिळते. फ्लो मिनिटाला ५०० मिलीच्या खाली आणि एखाद्या जागी व्यास शेजारच्यापेक्षा निम्म्याहून कमी, शिवाय लक्षणंही आहेत, तर पुढे जायचं. व्यास निम्मा झाला की नळीच्या सूत्राप्रमाणे तेवढ्या तुकड्याचा विरोध सोळापट होतो. ६ मिमीचे ३ मिमी झाले ते दिसायला किरकोळ वाटतं, हातात मात्र सगळं बदललेलं असतं.

पण नुसत्या डॉप्लरवर बलून करायचा का? लक्षण काहीच नाही, डायलेसिस मस्त चाललंय, फक्त रिपोर्टमध्ये ५५ टक्के अरुंद लिहिलंय, तर घाई नको. अमेरिकेतल्या केडोक्यूआय गाईडलाईननेही २०१९ मध्ये हेच म्हटलंय, लक्षणाशिवाय नुसत्या अरुंदपणासाठी आधीच बलून करू नका. कारण पुढच्या मुद्द्यात.

९. बलून, आणि तो परत का करावा लागतो

इथून पुढे माझ्या हातातलं काही नाही. नेफ्रॉलॉजिस्ट, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट किंवा व्हॅस्क्युलर सर्जन. डाय सोडून फोटो काढतात, अरुंद जागी बलून नेऊन फुगवतात. हा थर रबरासारखा चिवट असतो, कधी कधी २० अ‍ॅटमॉस्फिअरच्या वर दाब लागतो. वाट उघडते, थ्रिल टेबलावरच परत येतं, सगळे खूश.

पण बलूनने थर काढून टाकला नाही, फाडून बाजूला ताणला. अस्तर परत खरवडलं गेलं. म्हणजे ज्या जखमेमुळे स्मूथ मसल पेशी जाग्या झाल्या होत्या तीच जखम पुन्हा, जास्त जोरात. उंदराच्या धमनीत जे मुद्दाम करून बघितलं तेच इथे उपचार म्हणून करतोय, दुसरा इलाज नाही म्हणून. त्यामुळे साधा बलून केल्यावर सहा महिन्यांत बऱ्याच जणांना परत यावं लागतं. डॉक्टरने काम वाईट केलं असा त्याचा अर्थ होत नाही, आणि तुम्ही हात सांभाळला नाही असाही नाही.

औषध लावलेला बलून हा प्रकार याच पेशींसाठी आहे. त्यावर पॅक्लिटॅक्सेल असतं, केमोमध्ये वापरतात तेच, ते पेशीचं विभाजन अडवतं. २०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये सहा महिन्यांनी ती जागा उघडी राहण्याचं प्रमाण औषधवाल्यात ८२ टक्के आणि साध्यात ६० च्या आसपास होतं. पण २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या ट्रायलमध्ये काही फायदा दिसला नाही. त्यामुळे "हा लावला की परत येणार नाही" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आणि किंमत कित्येक पट असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा की माझ्या जागेला, माझ्या प्रकारच्या फिस्टुलाला याचा उपयोग किती.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांबद्दल रोज विचारतात. २००८ मध्ये क्लोपिडोग्रेलवर ८७७ पेशंटचा अभ्यास आला. नवीन फिस्टुलात सुरुवातीच्या गुठळ्या कमी झाल्या, १९.५ वरून १२.२ टक्के, पण फिस्टुला डायलेसिसला वापरण्यालायक होण्याचं प्रमाण वाढलंच नाही. गुठळी आणि थर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गोळी गुठळीवर काम करते, त्या पेशींना तिचं काही पडलेलं नाही. २०१७ मध्ये फिश ऑईल आणि अ‍ॅस्पिरिनचाही काही फायदा दिसला नाही. म्हणून मनाने गोळी सुरू करू नका, सुई काढल्यावर रक्त थांबणार नाही ते वेगळंच. बॉल दाबायचा व्यायाम नवीन फिस्टुलासाठी सांगतात तो करा, पण चढलेला थर त्याने उतरत नाही.

फोन लावून मोकळं व्हायचं असे प्रसंग

थ्रिल गायब आणि फुग्यावरची चकचकीत कातडी हे वर सांगितलं. त्यात आणखी: फिस्टुलावर लाली, पू, ताप-थंडी. पंजा गार, बोटं पांढरी-निळी, डायलेसिस चालू असताना हात असह्य दुखतोय, बोटाच्या टोकाला काळा डाग, हे रक्त पंज्यापर्यंत पोचत नसल्याचं लक्षण आहे आणि यात उशीर झाला तर बोट जातं. आणि पूर्ण हात सुजणं. ज्यांना आधी मानेत किंवा छातीत कॅथेटर टाकला होता त्यांच्यात छातीतली मोठी शीर अरुंद झालेली असते. कॅथेटर आत महिनोन् महिने घासत राहिला, तिथेही त्याच पेशींनी तोच थर चढवला. हे हातावरून चाचपून कळत नाही, तिथे माझ्यासारख्याने अंदाज बांधत बसू नये.

पैशांचं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलेसिस आहे, पण फिस्टुलाची अँजिओप्लास्टी, म्हणजे हाच बलून, त्या हॉस्पिटलमध्ये त्यात बसते का हे अ‍ॅडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राला (योजनेचा हॉस्पिटलमधला माणूस) विचारा, टेबलावर गेल्यावर नाही.

बलून झाल्यावर पहिल्याच डायलेसिसला चार गोष्टी लिहून घ्या. सुईचा नंबर, पंप स्पीड, दोन्ही प्रेशर, आणि रक्त थांबायला लागलेली मिनिटं. हा तुमचा नवीन पाया. पुढचे आकडे याच्याशीच ताडायचे, बलूनच्या आधीच्या खराब आकड्यांशी नाही, नाहीतर बिघडत चाललेलंही सुधारल्यासारखं दिसतं.

आणि त्याच जागी थोड्या थोड्या महिन्यांनी बलून लागतच असेल तर चौथ्या-पाचव्या बलूनची तारीख घेण्याआधी सर्जनला एकदा विचारा की जोडणी थोडी वर, चांगल्या शिरेवर नव्याने करता येईल का. मनगटाजवळच्या अडथळ्यात बरेचदा येते, आणि जुनी फुगलेली शीर तशीच वापरता येते. तोपर्यंत दुसऱ्या हाताच्या शिरा जपा. सलाईन किंवा रक्त काढणं जे काही असेल ते पंज्याच्या मागच्या बाजूला, मनगटाच्या वर कोणालाही टोचू देऊ नका.